बंद खदानीवर राख, प्रेसमड, गाळ टाकून केलेली जमीन: रिपोर्टात कर्ब भरपूर, मग पीक पिवळं का?

मुरूममाळ (धागा सुरू)

बालाघाट डोंगररांगेच्या उतारावरची बंद पडलेली मुरमाची खदान, अडीच एकर. खाली मुरूम, काही ठिकाणी उघडा काळा पाषाण. भरणी एकरी हिशेबानं अशी झाली आहे:

– साखर कारखान्याच्या बॉयलरची राख, अंदाजे ४० टन
– ताजं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी), १० टन
– कपाशीच्या पऱ्हाट्यांचा श्रेडरनं केलेला भुगा, ४ टन
– सगळ्यात वर तलावाचा गाळ, सरासरी १० सेंमी

एकदा रोटा मारून खरिपात ज्वारी पेरली. ती गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच थांबली. रंग फिका.

माती तपासणीत सामू (पीएच) ८.४, ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) ०.९, सेंद्रिय कर्ब १.१ टक्के, स्फुरद भरपूर. शेजारच्या काळ्या रानाचा कर्ब ०.४५ आहे आणि तिथं ज्वारी डोक्याच्या वर गेली. दुप्पट कर्ब असलेल्या जमिनीत असं का व्हावं? सूक्ष्मजीव कमी आहेत असं गृहीत धरलं तर ते मोजायचे कसे, वाढवायचे कसे? "जीवामृत सोडा" एवढंच उत्तर नको.

प्रयोगवही

आधी एक सांगा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून वर चढतोय, की शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या? पहिलं असेल तर नत्र, दुसरं असेल तर लोह. सामू ८.४ आहे, त्यामुळे दोन्ही शक्य आहे.

मुरूममाळ

खालची पानं आधी. पूर्ण पान एकसारखं फिकं पडतं, टोकाकडून वाळतं.

प्रयोगवही

मग नत्रच. आता त्या १.१ टक्क्याकडे बघू, कारण सगळा घोळ तिथं आहे.

प्रयोगशाळेत कर्ब काढतात तो डायक्रोमेट पद्धतीनं. १ ग्रॅम मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल टाकायचं, अर्धा तास ठेवायचं आणि किती डायक्रोमेट उरलं ते मोजायचं. या पद्धतीला पालापाचोळ्याचा कर्ब आणि कोळशाचा कर्ब वेगळा ओळखता येत नाही. कोळसा पूर्ण सापडत नाही हे खरं, पण बराच सापडतो. बॉयलरच्या राखेत न जळलेल्या बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) काळे कण असतातच.

हिशेब करून बघा. एक एकर, १५ सेंमी थर, घनता १.४ धरली तर माती सुमारे ८५० टन. ४० टन राखेत १० टक्के न जळलेला कोळसा धरला तर ४ टन कर्ब. ८५० टनांत ४ टन म्हणजे ०.४७ टक्के. तुमच्या १.१ मधला मोठा हिस्सा असा असू शकतो. तो जिवाणूंना खाता येत नाही, निदान आपल्या हयातीत तरी नाही.

खात्री करायची असेल तर मूठभर माती काचेच्या ग्लासात भरपूर पाण्यात ढवळा. वर तरंगणारे काळे कण चिमटीत चुरडा. पांढऱ्या कागदावर कोळशासारखी रेघ उठली तर समजा.

उरलेल्यातला बराच कर्ब पऱ्हाट्यांचा. त्यात कर्ब आहे, पण नत्र फार कमी. तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलं नत्र आधी स्वतःच्या अंगात घेतात आणि ज्वारी उपाशी राहते. म्हणजे तुमच्याकडे सूक्ष्मजीव कमी आहेत असं नाही, कदाचित ते काम करतायत आणि पिकाशी स्पर्धा करतायत. हे दोन अगदी उलटे रोग आहेत. म्हणून मोजल्याशिवाय औषध नको.

बालाघाटी

पऱ्हाट्यांचा आकडा मांडतो. १ टन सुक्या पऱ्हाटीत कर्ब साधारण ४५० किलो. कर्ब-नत्र गुणोत्तर ७० धरलं तर नत्र ६.४ किलो. गुणोत्तर ३० वर आणायला १५ किलो लागतं. तूट ८.६ किलो, म्हणजे युरिया पावणे एकोणीस किलोच्या आसपास, प्रत्येक टनाला. ४ टनांना ७५ किलो युरिया.

एवढा एकदम टाकू नका. सामू ८.४ असलेल्या ओल्या जमिनीवर युरिया उघडा पडला तर बराचसा अमोनिया होऊन उडतो. शिवाय प्रेसमडमधून थोडं नत्र येतंच. १० टन ताज्या प्रेसमडमध्ये सुकं वजन ३ टन धरा, त्यात दीड टक्का नत्र म्हणजे ४५ किलो, पण तेही सगळं पहिल्या वर्षी मोकळं होत नाही. आत्ता १५ ते २० किलो युरिया, कोळप्याच्या पाळीनं मातीआड, असे दोन हप्ते तीन आठवड्यांच्या अंतरानं द्या. ज्वारी हिरवी झाली तर निदान पक्कं.

कसदार_काळी

प्रेसमड ताजं टाकलं ही मला यातली सगळ्यात मोठी चूक वाटते. ताज्या प्रेसमडमध्ये मेण असतं. त्यानं मातीचे गोळे पाणी धरायच्या ऐवजी ढकलतात, ढीग आतून तापतो, माश्या होतात. दीड-दोन महिने पलटी मारत कुजवूनच टाकायचं. ओलावा मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत पाणी चमकेल एवढा, ढिगाची उंची मीटर-सव्वा मीटर, दर आठ-दहा दिवसांनी पलटी. ढीग पलटल्यावर पुन्हा तापायचा थांबला की तयार.

आणि कारखाना रस साफ करायला सल्फिटेशन (गंधकाचा वायू) वापरतो की कार्बोनेशन (चुना आणि कर्बवायू) हे विचारून घ्या. आपल्याकडे बहुतेक सल्फिटेशनचेच. कार्बोनेशनच्या प्रेसमडमध्ये चुना ठासून असतो. तो आम्ल जमिनीला औषध आहे, आपल्या चुनखडीच्या रानाला दुखणं.

गोदाकाठ

आमच्याकडे खदानी भरायला परळीच्या औष्णिक केंद्राची राख मिळते. वाहतुकीचा खर्च सोडला तर स्वस्त. बॉयलरच्या राखेऐवजी ती वापरली असती तर हा कोळशाचा गोंधळ झाला नसता का?

प्रयोगवही

कोळशाचा गोंधळ कमी झाला असता, कारण तिच्यात न जळलेला कर्ब बराच कमी असतो. पण फायदा तेवढाच. त्या राखेत नत्र जवळपास नाही, सूक्ष्मजीवांचं खाद्य नाही. ती आहे सिलिका आणि ॲल्युमिना, रेतीपेक्षा बारीक. मुरमात १० ते १५ टक्के मिसळली तर पाणी धरायला थोडी मदत होते. त्यापुढे गेलात तर सामू, क्षार आणि बोरॉन यांचं गणित बिघडतं. बोरॉनची विषबाधा जुन्या पानांच्या कडा करपून दिसते आणि माणूस तिला पालाशाची कमतरता समजून बसतो.

त्यातही हॉपरची (केंद्रात धुरातून पकडून साठवलेली) कोरडी राख आणि राख-तळ्यातली जुनी राख एक धरू नका. तळ्यातल्या राखेतले विरघळणारे क्षार आणि बोरॉन बरेचसे आधीच धुऊन गेलेले असतात. जमिनीसाठी तीच बरी. उघडी मात्र ठेवू नका, एप्रिल-मेच्या वाऱ्यात गावावर जाते.

खदानीचा खड्डा राखेनं भरणं हा वेगळा विषय आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत खाणीच्या पोकळ्या आणि सखल जागा भरायला राख वापरण्याची तरतूद आहे, पण अटींसह. परवानगी, भूजल, वरचा मातीचा थर हे सगळं त्यात येतं. "फुकट आहे, हायवा सोडा" असं ते नाही.

बालाघाटी

भूजलावरून आठवलं. नगरपालिकेचा कच्चा कचरा खदानीत ओतून वर माती टाकतात आणि त्यालाही पुनर्वसन म्हणतात. खालचा बेसाल्ट अखंड दिसतो, पण भेगाळलेला असतो. खदानीत सुरुंग लागल्यावर तर जास्तच. घाणीचं पाणी सरळ शेजारच्या विहिरीत उतरतं. कचऱ्याचं चालायचं ते फक्त तयार कंपोस्ट, आणि तेही तपासून. खत नियंत्रण आदेशात शहर कंपोस्टला मर्यादा दिल्या आहेत: एका किलोत कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १०००. कर्ब-नत्र २० च्या आत, ईसी ४ च्या आत. पिशवीवर छापलेलं आहे म्हणून मानू नका, चार ठिकाणांहून नमुना घेऊन तपासा. बॅटरी आणि रंगाचे डबे वेगळे न काढलेल्या कचऱ्यात शिसं पहिलं वर येतं.

जालन्याकडचे काही जण पोलादाच्या भट्टीचा स्लॅग (धातू वितळवल्यावर उरलेली मळी) भरावाला वापरू का म्हणून विचारतात. वरच्या मीटरभरात नकोच. मुळांना आणि जिवाणूंना त्याच्यापासून फारसं काही मिळत नाही.

मुरूममाळ

युरियाचा पहिला हप्ता देतो. पण मोजणीचं कुणी नीट सांगेल का? जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांची तपासणी म्हणजे फक्त जिवाणू-बुरशीच्या वसाहतींची संख्या मिळते.

प्रयोगवही

ताटलीवर वाढणाऱ्या वसाहतींचा उपयोग कमी. मातीतले बहुतेक जिवाणू त्या ताटलीवर वाढतच नाहीत. श्वसन मोजा. कॉलेजच्या साध्या रसायन प्रयोगशाळेत होतं.

१. ओली माती २ मिमीच्या चाळणीतून काढा. वाळवू नका. वाळवून पुन्हा भिजवलेली माती पहिले काही दिवस भरमसाट कर्बवायू सोडते, कारण मेलेले सूक्ष्मजीव जिवंतांचं खाद्य होतात. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसात शेतात हेच होतं. त्या आकड्यावर बरेच जण फसतात.

२. पाणीधारण क्षमता काढा. फनेलमध्ये कापसाचा बोळा, त्यावर ५० ग्रॅम माती, पूर्ण भिजवून झाकून रात्रभर निथळू द्या, वजन करा. चाचणीची माती या क्षमतेच्या ५० ते ६० टक्क्यांवर आणा आणि सहा-सात दिवस झाकून, हवा खेळती ठेवून, २५ ते २८ अंशांवर ठेवा.

३. १ लिटरची घट्ट झाकणाची काचेची बरणी. आत सुक्या वजनानं ५० ग्रॅम भरेल एवढी माती. वर छोट्या कपात ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली. झाकणाच्या कडेला व्हॅसलीन. तीन बरण्या मातीच्या, तीन रिकाम्या. रिकाम्या बरणीतही तो कप हवाच, कारण बरणीतल्या हवेचा कर्बवायू तिथं वजा होतो.

४. सात दिवसांनी कप काढा, १० टक्के बेरियम क्लोराइड १० मिली टाका, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लानं गुलाबी रंग जाईपर्यंत टायट्रेट करा. बेरियम क्लोराइड विषारी आहे. पिपेट तोंडानं ओढू नका, उरलेलं मोरीत सोडू नका.

गणित: रिकाम्या बरणीचं रीडिंग वजा मातीचं रीडिंग, गुणिले ०.५, गुणिले ६. उदाहरणार्थ १९.६ वजा १६.४ म्हणजे ३.२. त्याचे ९.६ मिलिग्रॅम कर्ब, ५० ग्रॅम मातीतून सात दिवसांत. किलोला १९२, दिवसाला २७.

एकट्या आकड्याला अर्थ नाही. शेजारच्या रानाची आणि जुन्या बांधावरची माती त्याच दिवशी, त्याच ओलाव्यावर लावा. तुलना तिच्याशी.

कसदार_काळी

सर, आपल्या मातीत चुनखडी आहे. तिच्यातूनही कर्बवायू निघत नाही का?

प्रयोगवही

आम्ल पडलं तर निघतो. साध्या ओलाव्यात थोडाच. पण याच कारणासाठी पुढची चाचणी करताना अमोनियम सल्फेट किंवा युरिया वापरू नका. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, ते चुनखडीवर पडतं आणि आकडा फुगतो. युरिया तर स्वतःच फुटून कर्बवायू देतो.

ती चाचणी ताई, तुमच्याही कामाची आहे. एकाच मातीच्या चार बरण्या लावा: (अ) नुसती, (ब) ग्लुकोज ०.१ ग्रॅम, (क) पोटॅशियम नायट्रेट ३० मिलिग्रॅम, (ड) दोन्ही. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे दुकानातलं तेरा-शून्य-पंचेचाळीस. पाण्यात विरघळवून सारखं शिंपडा, अ बरणीत तेवढंच साधं पाणी.

ब बरणीत श्वसन उसळलं तर सूक्ष्मजीव आहेत, खाद्य नाही. क मध्ये उसळलं तर खाद्य आहे, नत्र नाही. मुरूममाळ यांच्या जागेत हेच दिसेल अशी माझी पैज. फक्त ड मध्ये उसळलं तर दोन्हीची टंचाई. एकाही बरणीत काही नाही, तर तिथं खरंच कुणी नाही किंवा क्षार-धातूंनी दाबलेत. तेव्हा बाहेरून सूक्ष्मजीव आणण्याचा विचार.

डिहायड्रोजिनेजची (जिवंत सूक्ष्मजीवांमधल्या विकराची) चाचणी विद्यापीठात करून मिळत असेल तर तिच्यात एक खोट लक्षात ठेवा. त्यात तयार होणारा लाल रंग मिथेनॉलनं काढून ४८५ नॅनोमीटरवर मोजतात. मातीत कोळसा असेल तर तो रंग धरून ठेवतो आणि आकडा खोटा कमी येतो. जास्त तांबं असलं तरी तेच.

बालाघाटी

प्रयोगशाळा नसेल तर मांजरपाट पुरा. शंभर टक्के सुती, खळ धुऊन काढलेलं, कडेची शिलाई पॉलिस्टरच्या दोऱ्याची नको. १० बाय २० सेंमीचे तुकडे, उभे, पाच ठिकाणी खदानीत आणि पाच बांधाजवळ. पावसाळ्यात पाच-सहा आठवड्यांनी काढा, हलक्या हातानं धुवा, सावलीत वाळवा, वजन करा. कापडात नत्र नसतं, ते कुजवायला सूक्ष्मजीवांना मातीतूनच घ्यावं लागतं. म्हणून बांधाकडचं जाळी झालं आणि खदानीतलं कोरं राहिलं तर नत्राची टंचाई किंवा कोरडेपणा, दोन्हींपैकी एक. उभं पुरल्यामुळे कोणत्या खोलीवर कुजणं थांबतं तेही दिसतं. बहुतेक वेळा गाळ संपतो तिथं.

हायवा_हिशेब

गाळ संपतो तिथं थांबतं याचं कारण थर. १० सेंमी गाळ म्हणजे एकरी ४०५ घनमीटर, १४३ ब्रास. एवढा खर्च करून तो नुसता पसरला तर चिकण गाळ वर आणि भरड मुरूम खाली अशी सीमा तयार होते. वरचा थर पूर्ण चिंब झाल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही. मोठ्या पावसात वर चिखल, हवा बंद, नायट्रेटचा वायू होऊन जातो. उघडीप पडली की तोच गाळ भेगाळतो आणि मुळं सीमेवर आडवी वळतात. एका रोट्यानं १० सेंमीच्या खाली काही हलत नाही.

क्रम असा हवा होता: मुरूम पोकलेनच्या रिपरनं किंवा सबसॉयलरनं ४५ ते ६० सेंमी फोडायचा, निम्मा गाळ आणि कुजलेलं खत टाकून नांगरानं खाली मिसळायचं, मग उरलेला गाळ. आता भरणी झालीच आहे तर ज्वारी निघाल्यावर, ओल असताना नको, वाळल्यावर सबसॉयलर दीड-दोन मीटर अंतरानं आडवा-उभा चालवा. उघडा पाषाण आहे तिथं डिझेल जाळू नका. तिथं खड्डे करून झाडंच लावा.

गोदाकाठ

आणि बाटलीतली जिवाणू संवर्धकं, जीवामृत?

कसदार_काळी

रायझोबियम (फक्त द्विदल पिकांना), ॲझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) बियाण्याला चोळायला हरकत नाही, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. स्वस्त आहे. पण इथं स्फुरद आधीच भरपूर आहे, पीएसबीचा काय उपयोग? जीवामृतात गूळ आणि बेसन असतं. टाकल्यावर तीन-चार दिवस श्वसन उसळतं, मग खाली येतं. त्या आठवड्यात नमुना घेऊन "बघा, माती जिवंत झाली" म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

खदानीत खरी गरज मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीची. ती बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून प्रेसमडमधून किंवा गाळातून फारशी येत नाही. जुन्या बाभळीखालची किंवा बांधावरच्या गवताखालची वरची १५ सेंमी माती, बारीक मुळांसकट, प्रत्येक खड्ड्यात एक घमेलं टाका. सरसकट उकरू नका, थोडी-थोडी वेगवेगळ्या जागेची. ज्वारी ही या बुरशीची आवडती यजमान, त्यामुळे पिवळी का असेना, मुळं जमिनीतच राहू द्या, फक्त कडबा कापून न्या. आणि आता दोन-तीन वर्षं प्रेसमड नको. स्फुरद जास्त झाला की झाड या बुरशीला जागाच देत नाही.

नवीन खदान उघडणाऱ्यांसाठी: वरची काळी माती काढून ठेवताना ढीग दोन मीटरच्या वर नेऊ नका आणि पावसाळाभर उघडा ठेवू नका, त्यावर ताग फेका. उंच ढिगाच्या पोटात हवा नसते, वर्ष-दोन वर्षांत ती बुरशी मरते. मग तीच माती परत पसरली तरी ती नुसती भर होते.

प्रयोगवही

एक जोड. नेटवर वाचाल ते बहुतेक कोळसा खाणींवरचं असतं. चंद्रपूर-वणीकडच्या किंवा झारखंडच्या ओव्हरबर्डनवर (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यावर). पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलेल्या ढिगाऱ्यात सामू ३-४ पर्यंत उतरतो, म्हणून तिथं चुना, राख हे औषध. आपल्याकडे कोळसा नाही, बेसाल्ट आहे, आणि सामू आधीच ८ च्या वर. तिथली शिफारस इथं जशीच्या तशी आणली की लोह आणि जस्त बांधलं जातं.

मुरूममाळ

पुढच्या खरिपात काय पेरू?

बालाघाटी

भाऊ, धान्य नकोच. जिथं पाणी साचतं तिथं धैंचा, एकरी १६ ते २० किलो. निचऱ्याच्या भागात ताग, २० ते २५ किलो. साचलेलं पाणी तागाला चालत नाही. फुलकळी दिसायच्या आत, ४५ दिवसांच्या सुमारास गाडा. उशीर झाला की खोड काष्ठ होतं आणि पुन्हा पऱ्हाटीचीच गोष्ट. कडेनं स्टायलो (चाऱ्याचं द्विदल) आणि मारवेल (गवत). पाषाणाच्या भागात कडुनिंब, करंज, सीताफळ, बांधाला गिरिपुष्प. गिरिपुष्पाचा पाला वर्षातून दोन-तीनदा कापून पसरता येतो, आणि त्यात नत्र चांगलं.

पाचट मिळालं तर वर पसरा, मातीत मिसळू नका. वर राहिलं तर नत्राची ओढाताण फक्त पृष्ठभागावर होते आणि उन्हाळ्यात मुरूम तापत नाही.

मुरूममाळ

श्वसनाचा नमुना केव्हा घेऊ? युरिया परवा दिला.

प्रयोगवही

आत्ता नको. दुसऱ्या हप्त्यानंतर तीन आठवडे जाऊ द्या. मोठ्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी, ओल मध्यम असताना घ्या. ० ते १० आणि १० ते २० सेंमी वेगवेगळे, प्रत्येक खोलीला आठ-दहा जागांचे तुकडे एकत्र करून अर्धा किलो. पिशवीचं तोंड सैल ठेवा, थर्मासच्या डब्यात बर्फासोबत न्या, पोचेपर्यंत गाडीच्या डिकीत उन्हात नको. लगेच लावणार नसाल तर फ्रीजमध्ये ४ अंशांवर, फ्रीझरमध्ये नाही. बांधाचा नमुना त्याच दिवशी घ्यायला विसरू नका.

हायवा_हिशेब

बरण्या लोणच्याच्या चालतील, पण पत्र्याच्या झाकणाला आतून रबर असलेल्याच. प्लास्टिकच्या झाकणातून हवा जाते. बंद करून पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले तर ती बरणी बाजूला काढा.